वरमाईचा अंगठा

ये गं गोदे, अशी जवळ येऊन बस. तू तिकडे डोंबिवलीस आणि मी इकडे कल्याणास, तेव्हा कागदाजवळ बसलीस तरी चालेल. आणि आधी तो पाय पुढे कर. परवा आलीस ती सगळा वेळ उजवा पाय लुगड्याच्या काठाखाली दडवून बसलीस, जिना उतरताना भिंत धरलीस, आणि विचारलं तर म्हणतेस, "काही नाही आत्या, ठेच लागली." ठेच लागलेलं माणूस कसं चालतं आणि नख रुतलेलं माणूस कसं चालतं, यातला फरक मला कळत नाही असं वाटलं का तुला? तुझ्या आईने मागाहून सांगितलंच मला. न्हाविणीला बोलावून तिच्या नराणीने नखाचा कोपरा चांगला खोल कोरून घेतलास म्हणे. आणि हे कितव्यांदा, तर ते आता तुझ्या आईच्याही लक्षात राहिलेलं नाही. शहाणी आहेस हो.

माझ्या पायाच्या अंगठ्याने एकदा एक ठरलेलं लग्न मोडत आणलं होतं. माझ्या स्वतःच्या मुलाचं. ही हकिकत ठाण्यात अजून सांगतात आणि सांगताना वाढवतात, म्हणून म्हटलं, तू ती माझ्याकडूनच ऐक. (मी वाढवलीच तर निदान माहितीने वाढवीन.)

आधी मूळ सांगते. आपल्या माहेरच्या सगळ्यांची नखं कौलासारखी, दोन्ही कडांनी खाली वळलेली. तुझ्या आजोबांची तशी, तुझ्या बापाची तशी, माझी तशी आणि तुझीही तशीच. कुणाच्या घराण्यात गोरा रंग येतो, कुणाच्या गोड गळा येतो; आपल्यात हे आलं. असलं नख आपल्या वाटेने वाढू दिलं तर बिचारं मुकाट असतं. पण आमचा बाळू मुंबईस शिकायला होता, तो सुटीत येताना माझ्यासाठी मखमलीचे चढाव घेऊन आला. लाल मखमल, वर जर, आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखं निमुळतं टोक. तेव्हा आपल्यातल्या बायका पायात काही घालत नसत. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, ते पाहून म्हणाल्या, "वहिनी, आता एक पगडी तेवढी राहिली." पण लेकाने हौसेने आणलेलं, टाकवेना. मी माजघरातल्या माजघरात ते घालून फिरू लागले. माझा पाय जन्मभर मोकळा वाढलेला, पाटासारखा रुंद; त्याला त्या चोचीत कोंबायचं म्हणजे पाहुण्यांनी भरलेल्या घरात आणखी एक वऱ्हाड उतरवण्यासारखं. सगळ्यांत कोपऱ्यातला होता अंगठा. त्याने अंग चोरलं आणि नखाची कड मांसात गेली.

मग दुखलं, की काप. हेच तू करतेस ना? कापलं की काही दिवस इतकं बरं वाटायचं की मी न्हाविणीला तांदूळ घालताना माप शिगेला लावायची. त्यात तिचा काय दोष? मीच तिला म्हणायची, "अजून आत जा गं, अजून आत." आता कळतं की कोपरा खोल कोरला म्हणजे त्या रिकाम्या जागी मांस चढून बसतं. मागून येणाऱ्या नखाला वाट राहत नाही, आणि तुटक्या कडेचं टोक भाताच्या कुसासारखं नेमकं त्या मांसात शिरतं. तेव्हा मात्र वाटे, दुखतंय म्हणजे कापणं कमी पडलं. असं बरं होऊन पुन्हा, बरं होऊन पुन्हा. निवडुंगाचा गर बांधला, अळशीचं पोटीस बांधलं, तुरटी लावली. इकडच्या स्वारीचं मत पडलं की दृष्ट लागली असावी. माझ्या अंगठ्याची असूया कुणाला वाटावी, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

अशात बाळूचं लग्न ठरलं. ठाण्यातल्या गोविंदपंतांची मुलगी, मथू. गोविंदपंत शाळेत पंतोजी, माणूस साधा, हळू बोलणारा. मुलगी मला पाहताक्षणी आवडली होती. मी बैठकीतच सर्वांसमोर सांगून टाकलं, "आमच्याकडून मानपान नाही, आणि मी पायघड्यांवर रुसणार नाही." त्याला कारण होतं. माझ्या लग्नात माझ्या सासूबाई पायघड्यांवर रुसून उभ्या राहिल्या होत्या. आत गौरीहरापाशी बसून मी ऐकत होते, आणि बाहेर माझ्या वडिलांनी पगडी काढून त्यांच्या पायांवर ठेवली. तुझे आजोबा गं ते. त्यानंतर ते आमच्या घरी आले की पुढे कधी मोकळे बसले नाहीत. दाराजवळ, टेकलेसे बसायचे. माझ्या सुनेचा बाप तसा बसू नये, एवढंच मला हवं होतं.

माझं बोलणं ऐकून बैठकीतल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. वन्संनी घरी येऊन सुनावलं, "वहिनी, वरमाय रुसली नाही तर लग्न झालं हे लोकांना कळायचं कसं?"

लग्न गोरज मुहूर्ताचं. आमचा जानवसा मासुंदा तळ्याच्या काठी आणि मुलीचा मांडव तिथून हाकेच्या अंतरावर. अंगठा सकाळपासून ठणकत होता, पण पावलांवर मेंदी अशी रंगली होती की त्यातला लाल मेंदीचा कुठला आणि दुखण्याचा कुठला, हे पाहणाऱ्याला उमगू नये. मीही कुणाला बोलले नाही. मंगलकार्यात वरमाईचा पाय पिकलाय म्हटलं की भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे शकुन पाहत बसले असते.

बाळू घोड्यावरून पुढे गेला. मागून मी. परीट पुढे धोतर अंथरतोय, मागचं उचलून पुन्हा पुढे टाकतोय, आणि मी त्यावरून जपून पाऊल टाकत चालले आहे. अर्धी वाट तर नीट पार पडली. ताशावाला माझ्या पुढ्यात, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत वाजवत होता. वाजवता वाजवता त्याच्या अंगात आलं, तो गर्रकन वळला, आणि त्याची टाच पडली ती माझ्या उजव्या अंगठ्यावर.

गोदे, काही दुखणी अशी असतात की ओरडायलाही सवड देत नाहीत. मी जागच्या जागी थांबले. डोळे मिटले, ओठ मिटले, मान एका बाजूला वळवली. म्हणजे रुसलेल्या विहिणीचं चित्र काढायला कुणी चितारी बसवला असता तर त्याला माझ्याकडे बघून रेघ न रेघ उतरवता आली असती.

"थांबल्या गं बाई," मुलीकडची एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात केवढा आनंद होता म्हणून सांगू.

"मी म्हणत नव्हते? बैठकीत बोलायचं निराळं आणि पायघड्यांवर निराळं."

मी डोळे उघडले. म्हटलं, "अहो, मी रुसलेली नाही. माझा अंगठा दुखतोय."

सगळ्या हसायला लागल्या. "अंगठाच ना?" एक म्हातारी म्हणाली. "आमच्या विहिणीचं डोकं दुखलं होतं. मोत्याच्या कुड्या घातल्या कानात, तशी उतरलं."

खण आला तबकात. मी म्हटलं, "मला खरंच काही नको." आता हे मी मराठीत सांगितलं होतं, पण पायघड्यांवर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी त्याचा अर्थ एकच होतो: हे तबक मागे न्या, मोठं आणा. तबक मागे गेलं. मोठं आलं. त्यात शेला होता. मी म्हटलं, "अहो शेला नको, मला कुणीतरी नुसता हाताला धरा."

"हाताला?" त्या बायकांनी आपसात विचार केला. "म्हणजे बांगड्या."

मी वन्संकडे पाहिलं. म्हटलं, आपलं माणूस आहे, सोडवील. त्या माझ्या अंगाशी आल्या आणि कानात म्हणाल्या, "शाबास वहिनी. मला वाटलंच होतं तुम्ही आयत्या वेळी शुद्धीवर याल."

"वन्सं, अंगठा दुखतोय हो माझा."

"दुखू दे, दुखू दे. असंच तोंड ठेवा." मग त्या मुलीकडच्यांना मोठ्याने म्हणाल्या, "पाटल्यांखेरीज वहिनी हलायच्या नाहीत. आणि एक हंडा पाहिजे. तांब्याचा. मोठा."

आता हंडा कुठून आला यात? आमच्या घरी हंडे ठेवायला जागा नव्हती. मी "हंडा नको हो" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "दोन. वहिनी म्हणतात एक नको."

तिकडे मांडवातून भटजींचा आवाज येऊ लागला. घटिकापात्र भरत आलं होतं. तांब्याची ती भोक पाडलेली वाटी पाण्यात एकदा बुडाली की मुहूर्त गेला. आणि आमच्यात वरमाय मांडवात पोचल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. बाळू बोहल्यावर उभा, मथू आत गौरीहरापाशी, आणि मी रस्त्यात. मी दात खाऊन पाऊल उचलायला गेले. अंगठा जमिनीला टेकला मात्र, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी होते त्याच्याही दोन पावलं मागे गेले.

"मागे चालल्या," लोक म्हणाले. "हंडे कमी पडले."

इतक्यात मुलीचे मामा पुढे आले. धिप्पाड गृहस्थ, घाटावरचे, मिशा कानांपर्यंत. भाचीला उचलून बोहल्यावर न्यायचा मान त्यांचा, त्यासाठी आधीच कंबर कसून उभे होते. ते गोविंदपंतांना म्हणाले, "दाजी, माझं ऐका. ज्या बाईचं बोलणं महिनाभर टिकत नाही, तिच्या हातात मुलगी द्यायची नाही. आत्ताच्या आत्ता वऱ्हाडाला गाडीत बसवून कल्याणास पोचतं करतो."

"थांबा हो," गोविंदपंत म्हणाले. ते माझ्यासमोर आले. चेहरा उतरलेला. हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, आमच्याकडून काय चुकलं ते कळत नाही. पण चुकलं असेल. पोरीकडे बघा." आणि त्यांनी डोक्यावरची पगडी काढली.

मला माझे वडील दिसले गं. मी म्हणाले, "नको, नको, पगडी नको." पण माझ्या तोंडचं "नको" आता कुणी ऐकत नव्हतं. ते खाली वाकले आणि त्यांनी ती पगडी माझ्या पायांवर ठेवली. उजव्या पायावर. अंगठ्यावर.

पाय माझा मला विचारून उडाला नाही. तो आपसूक उडाला. पगडी उंच गेली, ताशावाल्याच्या ताशावर आपटली आणि घरंगळत परटाच्या धोतरावर जाऊन थांबली.

सनई बंद पडली. इकडची स्वारी मागे उपरणं सावरत उभी होती, त्यांनी ते उपरणं तोंडावर घेतलं. वन्संसुद्धा म्हणाल्या, "वहिनी, इतकं नव्हतं सांगितलं मी."

मामांनी हात वर केला. "गाड्या जुंपा."

आणि घरातून मथूचं रडणं ऐकू आलं. नुकतं लुगडं नेसायला लागलेलं पोर ते. सासूने बापाच्या पगडीला लाथ मारली हे कुणीतरी तत्परतेने आत पोचवलं होतं. मला वाटलं, संपलं. ज्याला भिऊन मी बैठकीत तोंड उघडलं, ते तर झालंच, वर माझ्या सासूबाईंनाही जे सुचलं नव्हतं ते मी करून दाखवलं. मी मटकन तिथेच पायघड्यांवर बसले आणि रडायला लागले. "रुसून बसल्या," कुणीतरी मागच्यांना सांगितलं.

तेवढ्यात मथूची आई, अन्नपूर्णाबाई, तांब्या आणि परात घेऊन बाहेर आली. मांडवाच्या दारात वरमाईचे पाय धुवायचे म्हणून तिने कोमट पाणी काढून ठेवलं होतं. नवऱ्याकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "जायचं असेल तर जा. पण माझ्या दारी आलात, पाय धुतल्याखेरीज पाठवायची नाही."

तिने माझा डावा पाय परातीत घेऊन धुतला. मग उजवा हातात घेतला. मी घाबरून आखडला. तिने परत घेतला, या वेळी टाचेकडून, अगदी अलगद. लुगड्याचा काठ वर सारला. पाणी सोडलं, अंगठ्यावरची हळद आणि धूळ वाहून गेली, नखाची सुजलेली कड उघडी पडली, आणि ती बघतच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे कधीपासून?"

"बरेच दिवस. जातं आणि येतं."

"कोपरे कापता?"

"कोरून घेते."

"आणि पायात काही घट्ट घालता?"

मी खाली मान घातली. "चढाव."

ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा रुसवा नव्हे. या बाईचं नख मांसात शिरलंय, आणि त्याच्यावर तुम्ही आधी ताशा नाचवला आणि मग पगडी ठेवली. बघा हवं तर."

तेवढं शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं होतं. सगळ्यांना हवंच होतं. आधी मामा वाकले, मिशा बाजूला धरून. मग गोविंदपंत पगडी झटकत आले. मग ताशावाला, तो कळवळून म्हणाला, "आई, मेलो मी." मग बायका, मग पोरंटोरं, मग रस्त्याने सहज चाललेला एक वैद्य. त्याने जळू लावायला सांगितली. परीट म्हणाला, त्याच्या सासऱ्याचं असंच होतं, त्याने चुना लावला. लोक रांगेने येत होते, अंगठा पाहून मान हलवत होते आणि गंभीर तोंडाने पुढे सरकत होते. देवळात गाभाऱ्यापुढून जातात ना, तसे. मी बापडी पदराने तोंड झाकून बसले होते. तोंड झाकून काय उपयोग? सगळे पाय बघत होते.

"अहो, पात्र बुडतंय," भटजी मांडवातून ओरडले.

"यांना चालवणार कसं?" अन्नपूर्णाबाई म्हणाली.

मामा खाकरले. आपलंच मघाचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं असावं. "पाट आणा," ते म्हणाले. मला पाटावर बसवलं. एका बाजूने मामांनी धरला, दुसऱ्या बाजूने इकडच्या स्वारीने, आणि मला उचललं. सनई पुन्हा सुरू झाली. मामांची बाजू उंच आणि आमची बाजू ठेंगणी, त्यामुळे मी साऱ्या वाटेने स्वारीच्या अंगावर घसरत होते आणि स्वारी पुटपुटत होती, "मामांकडे सरका, मामांकडे सरका." रस्त्यावरच्या लोकांना मामा बाईला उचलून मांडवात नेताहेत एवढंच दिसलं. एक आजीबाई म्हणाल्या, "नवरी जरा थोराड आहे, नाही?"

वाटी बुडायच्या आत मला मांडवात ठेवलं आणि भटजींनी अंतरपाट धरला. मथूचे डोळे रडून सुजलेले. अक्षता पडल्या, माळा पडल्या, आणि ती पाया पडायला माझ्यासमोर वाकली. वाकली ती उठेचना. मग हळूच विचारलं, "सासूबाई, कुठल्या पायाला हात लावू?"

त्या पोरीने मला त्या क्षणी विकत घेतलं बघ.

आता ऐक नीट, कारण यासाठीच हे सगळं लिहिलं. अन्नपूर्णाबाईला स्वतःला हे दुखणं होतं, म्हणून तिने लग्नाच्या धामधुमीतही मला औषध दिलं. कोमट पाण्यात मिठाचा खडा टाकायचा आणि त्यात पाय बराच वेळ सोडून बसायचं, नख मऊ होईतो. मग कापसाची बारीक वात वळायची, तुपात बुडवायची, आणि नखाची कड किंचित उचलून तिच्याखाली सरकवायची. रोज नवी. म्हणजे नख मांसावरून पुढे येतं, मांसात जात नाही. कोपऱ्याला हात लावायचा नाही. नख बोटाची कड ओलांडून पुढे आलं की मग सरळ आडवं कापायचं, पाटाच्या कडेसारखं. गोल नाही, खोल नाही. आणि पायात घालायचं ते सैल, नाहीतर काहीच नको. पण पू वाहू लागला, लाली पायावर वर चढू लागली किंवा ताप आला, तर वातीच्या नादी न लागता सरळ दवाखान्यात डॉक्टरला दाखवायचं. तिथे लाजायचं कारण नाही. दाखवायला लाजण्यातलं जे काही होतं ते मी साऱ्या ठाण्यापुढे संपवलेलं आहे.

आणि लगेच बरं होत नाही हो. मला थोडं बरं वाटलं तशी मी एकदा न विचारता पुन्हा कोपरा कोरून घेतला, आणि पुन्हा तेच. मथू तेव्हा आमच्याकडे नांदायला आलेली. तिने न्हाविणीकडून नराणी मागून घेतली ती आपल्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. सुनेने सासूला नखं कापायची बंदी केली, अशी आमच्या घराची ख्याती झाली ती त्यामुळे. पण त्यानंतर ते दुखणं उलटलं नाही.

गोविंदपंत आता आमच्याकडे आले की झोपाळ्यावर मांडी घालून ऐसपैस बसतात, जेवून उठतात आणि जाताना विचारतात, "अंगठा काय म्हणतो?" वन्संना दोन्ही हंडे मिळाले नाहीत याचं दुःख अजून आहे. आणि ठाण्यात आता म्हणे रीतच पडली आहे: वरमाय पायघड्यांवर थांबली की तबक काढायच्या आधी कुणीतरी वाकून तिचा अंगठा बघतं, आणि तो धडधाकट दिसला की सांगतात, "चला, काही झालेलं नाही." किती खऱ्या रुसलेल्या बायकांच्या पाटल्या माझ्यामुळे बुडाल्या असतील, देव जाणे. मला तोंड दाखवायची सोय नाही. पण त्यांना माझं तोंड कुठे ठाऊक आहे, म्हणा.

तेव्हा गोदे, फार दिवस लावू नकोस, लवकर ये. मथू आणि मी दोघी मिळून तुझा पाय ठीक करू, वाती वळून ठेवल्यात. तू आलीस की मी तुला घ्यायला दारापर्यंत येईन. नखाचं दुखणं गेलं, पण आता गुडघ्यांचं आलंय. मध्येच थांबले तर आत्या रुसली असं समजून काही आणायला धावू नकोस. नुसता पाट आण.